ओठांवरची खापरी

१

साकेलारिसची हाडं वाइनने धुता धुता कालिओपी म्हातारी मध्येच थांबली. तिच्या मांडीवरच्या फडक्यात डावा पंजा होता. बोटांची हाडं तिने एकदा जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली, आणि मग मान वर केली.

"अगं बायांनो," ती म्हणाली, "याला तर पाचही बोटं आहेत!"

कुणाच्या तरी हातातून टॉवेल खाली पडला. नोमिकीच्या हातातल्या बाटलीतून वाइन तिच्याच बुटावर सांडत होती, आणि तिला पत्ता नव्हता.

साकेलारिसला डाव्या हाताला दोनच बोटं होती. तरुणपणी सुरुंग टाकून मासे मारताना बाकीची उडाली होती, आणि हे स्कांदारी गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तो थोटा पंजा चारचौघांत दिसू नये म्हणून त्याची बायको सेवस्ती त्याचे स्वेटर विणताना डावी बाही मुद्दाम लांब ठेवायची.

सकाळपासून सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. स्कांदारीची दफनभूमी म्हणजे समुद्रात घुसलेल्या खडकाच्या पाठीवरची चिमूटभर जागा. माती थोडी आणि मेलेले फार. म्हणून काही वर्षं उलटली की माणसाला वर काढायचं, हाडं वाइनने धुवायची, पेटीत भरून चर्चमागच्या खोलीत बाकीच्यांच्या शेजारी ठेवायची, आणि रिकामा खड्डा पुढच्याला द्यायचा. खणायचं पुरुषांनी, धुवायचं बायकांनी. नोमिकी माग्लारी एरवी मोठ्या बेटावर फौजदार होती, पण आज ती सेवस्तीची धर्मलेक म्हणून आली होती. बाप्तिस्म्याच्या वेळी सेवस्तीने तिला हातांवर झेललं होतं; ती तिची नोना, म्हणजे धर्मआई. अशा दिवशी धर्मलेकीने वाइनची बाटली धरायची असते, म्हणून ती रजा काढून आली होती.

खड्डा साकेलारिसच्या धाकट्या भावाने, थेमेलिसने, खणला होता. पेटीचं लाकूड कुजून गेलेलं, पण आतलं नाइलॉन शाबूत होतं. त्यात स्वेटर, लांब बाहीचा. कालिओपीने कवटी उचलली, मेलेल्याच्या ओठांवर ठेवतात ती निळी खापरी जबड्यातून काढून पुसून बाजूला ठेवली आणि कपाळावर ओठ टेकले.

"दात बघा मेल्याचे," ती कौतुकाने म्हणाली होती. "साठीचा माणूस, आणि एक पडला नाही. समोरच्या दोघांत फट तेवढी."

"हात मी धुते," सेवस्ती म्हणाली होती. "डावा मला दे."

"तू गप बैस. बायकोचं रडं हाडांवर पडू नये," असं म्हणून कालिओपीने पंजा आपल्याच मांडीवर ओढून घेतला होता.

आता तोच पंजा फडक्यावर पडला होता, पाच बोटांचा, आणि कुणी हलायला तयार नव्हतं. सेवस्तीने काळा रुमाल तोंडात कोंबला होता.

"हा साकेलारिस नव्हेच," एक बाई म्हणाली.

"मग साकेलारिस कुठाय?"

 एकेक मान फाटकाकडे वळली. तिथे थेमेलिस फावड्यावर रेलून सिगारेट ओढत उभा होता.

२

चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत साकेलारिस एकटाच जाळी उचलायला गेला, दक्षिणेचा वारा सुटला, आणि होडी रिकामी सापडली. काही आठवड्यांनी किनाऱ्यावरच्या लागादाच्या खाचेत थेमेलिसला प्रेत मिळालं. चेहरा उरला नव्हता, पण स्वेटर होता. होडी पुढे थेमेलिसकडे गेली. दोघा भावांचं त्या होडीवरून आदल्याच दिवशी भांडण झालेलं, तेही भर धक्क्यावर. गाव तेव्हाही कुजबुजलं होतं. आता त्या कुजबुजीला दात फुटले.

"भावाच्या अंगातला स्वेटर काढून भलत्याच मढ्याला चढवला रे याने! मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा!"

"चार वर्षं सुतक पाळलंन् हलकटाने!"

नोमिकी खाली धक्क्यावर पोचेपर्यंत कुणीतरी होडीच्या पोटात कुऱ्हाड घातली होती. होडी एका अंगाला कलून पाणी पीत होती. थेमेलिस गुडघाभर पाण्यात उभा राहून ओंजळीने पाणी उपसत होता. इतक्या मोठ्या माणसाने ओंजळीने पाणी उपसावं, हे बघवत नव्हतं. मागून एक दगड आला आणि त्याच्या खांद्यावर बसला. नोमिकीने त्याला दंडाला धरून बर्फाच्या कोठारात नेलं आणि दाराला पाठ लावली.

"मारलंस त्याला?"

"कुणाला? दोन बोटांच्याला की पाच बोटांच्याला?" थेमेलिस हसला, आणि ते हसू ऐकवेना. "बाहेरच्यांना विचारा की, फौजदारबाई. त्यांना सगळं ठाऊक आहे."

"मला तुझ्याकडून ऐकायचंय. लागादाला काय पाहिलंस?"

तो बर्फाच्या पेटीवर बसला. "पाण्याच्या रेषेच्या वर होता. उताणा. हात पोटावर. समुद्राने अगदी निजवून ठेवल्यासारखा. मला वाटलं, दादाला समुद्राचीसुद्धा माया होती. चेहऱ्याकडे नाही बघवलं. बाही बघितली. लांब बाही. ती वर करून खाली काय आहे हे बघायची माझी छाती नाही झाली. तुमची झाली असती?"

"आणि डॉक्टर?"

"शिकून झाल्यावर खेड्यातल्या सक्तीच्या नोकरीवर आलेलं पोर. दादाला त्याने जन्मात पाहिलेलं नव्हतं. बोटं दिसली असतीलही त्याला, पण बोटं असणं हा काही रोग नव्हे. नाकाला रुमाल लावला, तिथेच नाइलॉनमध्ये गुंडाळायला लावलं, तिथेच पेटीला खिळे ठोकून घेतले. वहिनी लांब उभी होती. तिला जवळ येऊ दिलं नाही. तिनेही हट्ट केला नाही."

"होडी तुला कशी मिळाली?"

"वहिनीनेच दिली. म्हणाली, पडून कुजण्यापेक्षा तू चालव. तिला अर्धा वाटा देतो दर खेपेला." त्याने एकदम मान वर केली. "तिला विचारा ना. वहिनी सांगेल मी कसा आहे ते. गावाने थुंकलं तरी वहिनी नाही थुंकणार."

तेवढ्यात फोन वाजला. पापा-कोस्मासनी, म्हणजे गावच्या धर्मगुरूंनी, मोठ्या बेटावर आधीच कळवलं होतं. नोमिकीचा साहेब फोनवर खुशीत होता. "तू तिथेच आहेस म्हणे! वा! धरून ठेव त्याला. दुपारच्या बोटीने येतो, बेड्या घेऊनच."

दुपारची बोट. एकदा बेड्या घालून त्याला धक्क्यावरून नेलं की निर्दोष सुटला तरी स्कांदारीत त्याला पाव कुणी विकणार नाही. नोमिकी याच बेटांवर वाढली होती. कोर्ट सोडतं, गाव सोडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती तशीच सेवस्तीच्या घरी गेली. दाराला आतून कडी होती. खिडकीचा पडदा ओढलेला. बाहेरच्या कठड्यावर, गळा तुटलेल्या निळ्या सुरईत लावलेली तुळस तेवढी वाऱ्यावर हलत होती.

"नोना, मी आहे. थेमेलिसला न्यायला येतायत. दोन शब्द बोल त्याच्यासाठी. तुझं ऐकतील."

आत पावलं वाजली, दारापर्यंत आली आणि थांबली.

"माझं डोकं दुखतंय, पोरी," दाराआडून सेवस्ती म्हणाली. "नंतर ये."

३

कालिओपीचं दुकान म्हणजे कॉफीची जागाही तेच आणि रॉकेलची जागाही तेच. आज तिथे जत्रा लोटली होती. नोमिकीला पाहून सगळे एकदम गप्प झाले. कालिओपी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

"बस पोरी. कॉफी टाकते. माझ्यामुळे बिंग फुटलं, नाहीतर पेटीत भरून ठेवला असता कुणाचा तरी पोर साकेलारिस म्हणून!"

"पोर कशावरून?"

"दातांवरून. म्हाताऱ्याचे दात झिजतात. धुताना माझ्या आलं होतं मनात, पण मन म्हणालं, असेल बाबा, हा नशीबवान असेल."

बोलता बोलता नोमिकीची नजर दाराच्या काचेकडे गेली. तिथे एक फोटो चिकटवलेला होता, उन्हाने फिका पडलेला. विशीतला मुलगा, कुठल्यातरी अंगणात उभा राहून तोंड भरून हसत होता. समोरच्या दोन दातांत फट. खाली फोन नंबर.

"हा कोण?"

"तो होय? सीरियातला कुणीतरी. साकेलारिस गेला त्या हिवाळ्यात तिकडून निर्वासितांनी भरलेल्या रबरी बोटी येत होत्या ना, त्यातल्या एकीत होता म्हणे. त्याचा बाप येतो दर सप्टेंबरला. अथेन्समध्ये बेकरीत कामाला असतो. दारोदार फोटो दाखवतो, पुन्हा बोटीत बसतो. दर वर्षी तोच फोटो, तेच दार. आपण तरी काय सांगणार? समुद्र काय पावती देतो?"

"सगळ्या घरी जातो?"

"सगळ्या. पण बसवून घेते ती एक सेवस्ती. कॉफी देते, सुकी अंजिरं देते. फोटो मात्र हातात घेत नाही. तो पुढे करतो, ही म्हणते, ठेवा टेबलावर. तो गेला की दोन-तीन दिवस अंथरूण धरते. मन मोठं आहे गं बाईचं."

नोमिकीने कॉफी तशीच ठेवली. फोटो काचेवरून हलक्या हाताने सोडवून घेतला आणि ती चर्चकडे निघाली.

पापा-कोस्मास चर्चच्या पायरीवर बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला होता. "लेकी, मी त्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना म्हटल्या. चार वर्षं. देवाच्या दारात मी कुणाची चिठ्ठी कुणाच्या हातात दिली?"

"बाबा, हाडं वर काढायला इतका उशीर का झाला? तीन वर्षांनी काढतात ना?"

"सेवस्ती नको म्हणायची. पाया पडायची माझ्या. यंदा नको, पुढच्या वर्षी. यंदा म्हातारी फोतिनी वारली, जागाच उरली नाही, म्हणून मीच आग्रह धरला. मला वाटलं, दुःख अजून ओलं आहे बिचारीचं." त्यांनी झग्याच्या बाहीने कपाळ पुसलं. "त्याला निरोपही धड मिळाला नव्हता. किनाऱ्यावरच खिळे ठोकलेली पेटी वर आली. कपाळाला ओठ लावता आले नाहीत, मूठभर माती छातीवर टाकता आली नाही. ओठांवर खापरीसुद्धा ठेवता आली नाही त्याच्या."

नोमिकीने एकदम त्यांच्याकडे पाहिलं.

"काय म्हणालात? खापरी ठेवली नव्हती?"

"कशी ठेवणार? पेटी उघडायचीच नाही असा हुकूम होता. खापरीशिवाय पुरलेला या गावातला तो पहिलाच."

सकाळी कालिओपीने जबड्यातून खापरी काढली, पुसली, बाजूला ठेवली. वीसएक बायकांनी ते पाहिलं. नोमिकीनेही पाहिलं. पंजात पाच बोटं दिसल्यावर सगळ्यांची बोबडी वळली, पण जबड्यात खापरी दिसली तेव्हा कुणाची पापणीही लवली नाही. मेलेल्याच्या तोंडावर खापरी असतेच, मग त्यात बघायचं काय! साऱ्या गावाने तीच चूक केली होती, आणि गावात फौजदारही धरलेली होती.

४

खापरी दफनभूमीत तिथेच, फडक्याच्या कोपऱ्यात पडलेली होती. निळ्या झिलईची, नखाएवढी जाड, आणि तिच्यावर चाकूने कोरलेला वाकडातिकडा क्रूस. ती मुठीत धरून नोमिकी सेवस्तीच्या घरी आली. या वेळी तिने दार ठोठावलं नाही. खिडकीपाशी थांबली, तुळशीच्या सुरईच्या तुटक्या गळ्यावर खापरी टेकवली. ती तंतोतंत बसली.

पडद्याआडून सेवस्ती बघत होती. कडी निघाली.

"ये," ती म्हणाली.

घरात येशूच्या आईच्या तसबिरीपुढे तेलाचा दिवा जळत होता. शेजारी साकेलारिसचा लग्नातला फोटो, डावा हात पाठीमागे लपवलेला. नोमिकीने खापरी टेबलावर ठेवली.

"नोना, मीच सांगते. चुकलं तर सांग. नाइलॉन किनाऱ्यावर गुंडाळलं, पेटीला तिथेच खिळे ठोकले. नंतर ती उघडली नाही. म्हणजे ही खापरी त्याच्याही आधी त्याच्या तोंडात होती. थेमेलिसला तो सापडला त्याच्याही आधी. थेमेलिस म्हणतो, उताणा होता, हात पोटावर. समुद्र असं निजवत नाही कुणाला. माणूस निजवतो. खापरी ठेवणं हे बायकांचं काम, आणि ती फोडायची ज्या घरातून माणूस निघाला त्या घरच्या भांड्याची. लांब बाहीचा दुसरा स्वेटर तरी आणखी कुणाच्या घरात असणार?"

सेवस्ती खुर्चीवर बसली. तिने नाही म्हटलं नाही. नाही म्हणायची ताकद तिच्यात सकाळपासूनच नव्हती.

"रोज जात होते मी लागादाला," ती म्हणाली. "समुद्र देईल म्हणून. आणि एक दिवस दिलं त्याने. लांबून बघितलं आणि धावत सुटले, पोरी. चप्पल कुठे पडली कळलं नाही. जवळ गेले तर हा. चेहरा नाही, पण हात होते. दोन्ही हात चांगले, धडधाकट. मला त्या हातांचा इतका राग आला! तिथेच बसून शिव्या दिल्या मी समुद्राला. माझा दे, म्हटलं, हा कुणाचा आणून टाकलास?"

"मग?"

"मग घरी आले आणि स्वेटर घेऊन गेले." ती दिव्याकडे बघत होती. "तुला नाही कळायचं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ज्या बाईचा नवरा समुद्रात राहिला तिला काय असतं? थडगं नाही. मेल्यांच्या शनिवारी सगळ्या बायका गहू शिजवून वर जातात, आपापल्या माणसापाशी बसतात, बोलतात. आणि ही धक्क्यावर उभी राहून पाण्यात गहू टाकणार? माशांना? माझ्या आईने केलं ते आयुष्यभर. मला नव्हतं करायचं. आणि त्याचं तरी काय वाईट केलं मी? त्या वर्षी असे कितीतरी येत होते. न्यायचे, काठीला नंबर लावायचे, पुरायचे. नंबरापेक्षा नाव बरं नव्हे?"

"नाव त्याला होतं."

सेवस्तीने दिव्याची वात उगाच वर सारली.

"खापरी का ठेवलीस, नोना? तिच्यामुळेच तर कळलं."

"तसाच कसा सोडू? निजवला, हात जुळवले, आणि मग तोंड उघडं दिसलं. पोरगं होतं गं. हात आपोआप गेला माझा. ओठ नव्हतेच धड, म्हणून दातांत ठेवली."

"आपला क्रूस. आपली वाइन. त्याच्या घरी वाइनला शिवत नसतील, नोना. आज सकाळी मी स्वतः ओतली त्याच्या डोक्यावर." नोमिकीचा आवाज चढला. तिला आवरायचंही नव्हतं. तिने खिशातून फोटो काढून टेबलावर, सेवस्तीच्या समोर सरकवला. "बघ एकदा तरी. दात बघ. कालिओपीला दात दिसले. तुला तर आधीच दिसले होते, अगदी जवळून. आणि याचा बाप या खुर्चीत बसून तुझी कॉफी पीत होता!"

सेवस्तीने फोटोकडे पाहिलं नाही. "पहिल्या वर्षी सांगणारच होते," ती हळू म्हणाली. "त्याने फोटो काढला आणि मला घाम फुटला. सांगितलं तर तो घेऊन जाणार. मग मी कुणाशी बोलायचं? चार वर्षं मी त्याच्याशी बोलले, पोरी. साकेलारिस म्हणूनच बोलले. शेवटी शेवटी मला तो साकेलारिसच वाटायचा. दुसऱ्या वर्षी म्हटलं, आता कुठल्या तोंडाने सांगू? तिसऱ्या वर्षी तर..."

"आणि आज? सकाळपासून गाव थेमेलिसला खुनी म्हणतंय. त्याची होडी फोडली. दगड मारले. तू पडदा ओढून बसलीस."

"मी बोलणार होते."

"कधी? बेड्या पडल्यावर?"

खाली बंदरात बोटीचा भोंगा वाजला. सेवस्तीने काळा रुमाल डोक्यावरून घेतला, नीट बांधला. ती उठली.

"चल," ती म्हणाली. "पण मला धरू नकोस."

५

धक्क्यावर सगळ्यांसमोर, साहेबासमोर, पापा-कोस्मासांसमोर तिने सांगितलं. जास्त बोलली नाही. साहेबाच्या हातातल्या बेड्या हातातच राहिल्या. अशा गुन्ह्याला कुठलं कलम लावायचं हेच त्याला आठवेना. गावाने मात्र वेळ दवडला नाही. सकाळी थेमेलिस खुनी होता, दुपारी सेवस्ती चेटकीण झाली. ज्यांनी दगड मारले होते तेच आता थेमेलिसच्या पाठीवर हात ठेवायला पुढे आले. होडीत कुऱ्हाड कुणी घातली, हे तेवढं शेवटपर्यंत कुणालाच आठवलं नाही.

थेमेलिसने सगळे हात झटकले आणि तो सेवस्तीपुढे येऊन उभा राहिला.

"चार वर्षं मी त्या खड्ड्याशी माफी मागत होतो, वहिनी. आदल्या दिवशी दादाला शिव्या दिल्या म्हणून. कुणाची माफी मागत होतो मी?"

"थेमेलिस, मी..."

"ते मी सोसलं असतं. पण आज सकाळी? ते मला मारत होते तेव्हा मी तुझ्या खिडकीकडे बघत होतो."  तो वळला आणि आपल्या बुडालेल्या होडीकडे गेला. त्यानंतर त्या दोघांना बोलताना कुणी ऐकलं नाही.

फोटोखालच्या नंबरावर फोन नोमिकीने केला. साहेब म्हणाला होता, कचेरीतून कळवू. ती म्हणाली, नको, मीच करते. पलीकडे बराच वेळ नुसता भट्टीचा आवाज येत राहिला, आणि मग त्या माणसाने इतकंच विचारलं, "कुठल्या गावात?" तिने सांगितलं. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

तपासण्या झाल्या, शिक्के बसले, आणि उन्हाळा सरता सरता तो आला. त्याचं नाव नाझिम शेखो. मुलाचं नाव रेवान. थोराड हाडाचा, पीठ माखून माखून हातांची कातडी पांढरी पडलेला. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. नोमिकीने त्याला धक्क्यावरून चर्चमागच्या खोलीपर्यंत नेलं. वाटेत तिने खापरीचं सांगितलं, वाइनचंही सांगितलं, कारण ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्याने ऐकावं हे तिला बरं वाटेना. तो ऐकत होता आणि चालत होता. कालिओपीच्या दुकानाबाहेर बसलेले लोक उठून उभे राहिले. त्याने कुणाकडे पाहिलं नाही.

खोलीच्या दारात सेवस्ती उभी होती. कुणी बोलावलं नव्हतं तिला. खटला अजून उभा राहायचा होता, गावातलं कुणी तिच्याशी बोलत नव्हतं, आणि तरी ती आली होती. नोमिकीने तिला डोळ्यांनी जा म्हटलं. ती गेली नाही.

"मी रोज दिवा लावला त्याला," सेवस्ती त्या माणसाला म्हणाली. "एक दिवस चुकवला नाही. फुलं ठेवली. उपाशी नाही ठेवलं कधी."

नाझिम थांबला. इथली भाषा तो मोडकीतोडकीच बोलायचा, म्हणून एकेक शब्द शोधून बोलला.

"मी तुझ्या घरी आलो. तू कॉफी दिलीस. तेव्हा तो इथे होता?"

"हो."

"दर वेळी?"

"हो."

तो आत गेला. पापा-कोस्मासनी पेटीवरून साकेलारिसचं नाव खरवडून काढलं होतं. लाकडावर ओरखडे तेवढे राहिले होते. त्याने पेटी उचलली. ती इतकी हलकी असेल असं त्याला वाटलं नसावं, कारण उचलताना त्याचा तोल गेला. नोमिकी पुढे झाली, पण त्याने मान हलवून नको म्हटलं. पेटी छातीशी धरून तो दाराशी आला आणि सेवस्तीसमोर उभा राहिला.

"त्याची आई गेल्या हिवाळ्यात वारली," तो म्हणाला. "मी तिला सांगायचो, रडू नकोस. त्या गावात एक चांगली बाई आहे. तिला काही कळलं तर ती सांगेल."

सेवस्तीने दारातून बाजूला होऊन त्याला वाट दिली.